चकव्याला मेकअप लागत नाही

प्रश्न असा आहे: हाताशी ८ लाख रुपये, सिंधुदुर्गातलं एक जुनं चौसोपी घर १२ दिवसांसाठी मोकळं, ७ कलाकार आणि ११ जणांचं युनिट. तीन भाऊ वडिलोपार्जित घर विकायला येतात आणि घरात निपुत्रिक मेलेल्या काकाचं भूत आहे. संहिता ९० पानांची, भूत २२ प्रसंगांत दिसतं. भीतीही हवी, विनोदही हवा. एवढ्यात सिनेमा होईल का?

होईल. २२ प्रसंगांत दिसणारं भूत मात्र होणार नाही, आणि ते न झालेलंच बरं. कमी पैशात भूतपट करणारे पहिले पैसे मेकअप, मुखवटा आणि रक्तावर घालतात. मग आवाजाला पैसे उरत नाहीत, टेक घ्यायला वेळ उरत नाही. हसू आणि दचकणं ही दोन्ही कामं अचूक वेळेवर चालतात, आणि अचूक वेळ तिसऱ्या टेकमध्ये सापडत नाही, नवव्यात सापडते. म्हणून वस्तू कमी करून टेकसाठी तास विकत घ्यायचे. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आधी भूत स्वस्त करू. निपुत्रिक मेलेला, क्रियाकर्म नीट न झालेला माणूस समंध होतो आणि आपल्या इस्टेटीभोवती घुटमळतो, अशी समजूत आहे. काका तिथे चपखल बसतो. पण समंध दाखवायचा म्हणजे चेहरा आला, चेहरा आला की मेकअपचे तीन तास आले. त्याऐवजी काकाच्या हातात चकवा द्या. लोककथांत चकवा वेगळा आणि समंध वेगळा, हे खरं; सिनेमात त्यांची युती केली म्हणून कोणी कोर्टात जाणार नाही. चकव्याला मेकअप लागत नाही, दात लागत नाहीत, पांढऱ्या लेन्स लागत नाहीत. भाऊ गाडी घेऊन निघतात आणि पुन्हा त्याच वडापाशी येतात. एकच वड, एकच वळण, एकच मैलाचा दगड. पहिल्या खेपेला प्रेक्षक ओळखत नाही, दुसऱ्या खेपेला हसतो, तिसऱ्या खेपेला दगडावरचा गावाचा आकडा बदललेला दिसला की गप्प होतो. या तीनही खेपा एका रात्रीत, दिवे न हलवता चित्रित होतात. चकवा लागला की जागच्या जागी बसून राहावं, असं जुनी माणसं सांगतात. तिघांपैकी नेमका कोण बसत नाही, यात एक अख्खा प्रसंग आहे.

विनोद भुतात ठेवू नका. ही चूक सगळ्यात जास्त होते: भूत घसरून पडतं, भूत नाचतं, भूत मोबाईल वापरतं. एकदा भुताला हसलं की पुढच्या तासाभरात त्याची भीती परत येत नाही, कारण प्रेक्षकाला कळलेलं असतं की याच्याकडून कोणाला इजा होणार नाही. भूत खरं, गंभीर आणि धोक्याचं. हास्यास्पद असतात ती जिवंत माणसं, आणि त्यांनाही आपण विनोदी सिनेमात आहोत हे माहीत नसतं. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला चालतो तो याचमुळे: बाहुल्याला खरोखर जीव घ्यायचा असतो, गोंधळ आजूबाजूच्यांचा असतो.

तुमच्या गोष्टीत ही सोय आयती आहे. बागेच्या सातबाऱ्यावर काकाचं नाव अजून तसंच आहे, कारण वारस नोंद कोणी केलीच नाही. म्हणजे कागदावर भूत हिस्सेदार आहे आणि त्याच्या सहीशिवाय खरेदीखत अडतं. भाऊ काकाला घाबरतात, पण एकमेकांच्या हिश्श्याला त्याहून जास्त घाबरतात. मधरात्री दार आपोआप उघडल्यावर ओरडायचं सोडून धाकटा विचारतो, “फेरफाराला किती दिवस लागतात?” तर ते हसू भुताला धक्का न लावता येतं. पहिल्या १५ मिनिटांत मात्र एक इजा खरी व्हायला हवी. दलालाचा हात मोडू दे, गडी नाहीसा होऊ दे. ती झाली नाही तर पुढचा सिनेमा फार्स म्हणूनच बघितला जातो.

आता वेळ. ९० पानं विसरा. देवनागरीत लिहिलेल्या पानाचा आणि मिनिटाचा मेळ बसेलच असं नाही, मालवणी संवाद तर भराभर संपतात. सातही जणांना बसवून घड्याळ लावून मोठ्याने वाचन करा आणि कृतींचे सेकंद अंदाजाने मिळवा. बेरीज ७५ मिनिटांवर आणा. ७२ मिनिटांच्या खाली गेलात तर सिनेमा पूर्ण लांबीच्या वर्गात बसत नाही, आणि ७५ च्या वर गेलात तर दिवस पुरत नाहीत. १२ पैकी एक दिवस राखीव. उरले ११, म्हणजे दिवसाला जवळपास पावणेसात मिनिटं पडद्यावरचा मजकूर. हे जड आहे, पण एका अटीवर जमतं: युनिट घराबाहेर दोनदाच हलेल. वडाच्या वळणाची एक रात्र, विहिरीकडची एक. बाकी सगळं पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि माळा.

त्यातले चार संवादाचे प्रसंग, प्रत्येकी सुमारे पाच मिनिटांचे, सलग एका शॉटमध्ये बसवा. अर्ध्या पाळीत तालीम आणि टेक मिळून एक प्रसंग निघतो, म्हणजे दोन दिवसांत २० मिनिटं हातात. तीन भाऊ एकाच चौकटीत भांडत असले की विनोद आपसूक चालतो, कारण बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा चेहरा जास्त हसवतो आणि तो इथे कापला जात नाही. शिवाय त्याच रुंद चौकटीत, भांडणाऱ्यांच्या मागे, माजघराच्या अंधारात काहीतरी हलवता येतं. निम्म्या प्रेक्षकांना ते दिसतं, निम्म्यांना शेजारच्याच्या किंकाळीवरून कळतं. जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ने २०१७ मध्ये हेच टोकाला नेलं: सुमारे ३० लाख येनमध्ये केलेला सिनेमा, सुरुवातीची ३७ मिनिटं एक सलग शॉट, आणि त्या शॉटमधल्या अवघडलेल्या जागा उत्तरार्धात विनोदाचं कारण होतात. त्याची नक्कल करू नका. एवढंच घ्या की सलग शॉटमधली चूक प्रत्येक वेळी कापायलाच हवी असं नाही.

दचकवणारे प्रसंग पाच ठेवा. प्रत्येकाला तीन तास धरा, पडद्यावर तो अर्धा मिनिट का असेना. दोर ओढणारा, दार सोडणारा, दिवा मारणारा आणि कलाकार असे चौघे एका क्षणावर यायला आठ-दहा टेक जातात. दुपारी तीननंतर असा प्रसंग सुरू करू नका; घाईत घेतलेला धक्का संपादनात वाचत नाही.

रात्रीचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मग पुरेपूर बारा तास अंधार मिळतो. पण सलग १२ रात्री माणसं टिकत नाहीत. चौथ्या रात्री पहाटे तीननंतर विनोदी अभिनय मरतो, चेहरे सुजतात. म्हणून घरातली ‘रात्र’ दिवसा चित्रित करा. खिडक्या, झरोके आणि कौलांतल्या काचा बाहेरून काळ्या कापडाने झाका, त्यावर ताडपत्री. एकेरी काळं कापड पुरत नाही, दुपारचं ऊन त्यातून तपकिरी दिसतं. ताडपत्री लागली की घर तापतं, म्हणून हे काम सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चारनंतर. खऱ्या रात्री फक्त बाहेरच्या प्रसंगांसाठी ठेवा, वर ठरलेल्या दोनच, सलग, आणि दिवसपाळीतून रात्रपाळीत जाताना मध्ये पूर्ण विश्रांतीचा दिवस. तोच तुमचा राखीव दिवस. फक्त त्यात चित्रीकरण घुसडायचं नाही, असं आधीच ठरवून ठेवा, नाहीतर तो पहिल्या आठवड्यातच खाल्ला जातो.

तारखा ठरवताना गावची जत्रा बघा. त्या मोसमात गावोगाव जत्रा असतात आणि दशावतार पहाटेपर्यंत कर्ण्यावर चालतो. दोन किलोमीटरवरून येणारं मृदंग आणि पेटी संवादाखालून काढता येत नाही. (ते ध्वनिमुद्रित करून ठेवा मात्र. लांबून येणारा दशावतार हा मध्यरात्रीचा उत्तम आवाज आहे, योग्य जागी वापरला तर. नाटक कंपनीची परवानगी घ्या.)

प्रकाशाबद्दल थोडक्यात. जुन्या घरात सिंगल फेज मीटर आणि पाच अँपिअरचे पॉइंट असतात. १ किलोवॅटचा जुना हॅलोजन २३० व्होल्टला ४.३ अँपिअर ओढतो. दोन लावले आणि कोणी पंप सुरू केला की फ्यूज जातो. ३०० वॅटचे दोन एलईडी, सहा-आठ छोट्या बॅटरीवरच्या नळ्या आणि घरातलेच पिवळे बल्ब एवढ्यात काम होतं. कॅमेरा असा घ्या ज्याचा दुसरा मूळ आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १२,८०० च्या आसपास आहे. कंदिलाच्या उजेडात तोच तारतो. २४ फ्रेम ठेवल्या तरी शटर १/५० ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने नाहीतर स्वस्त बल्ब चित्रात लुकलुकतात. चेहऱ्याखालून टॉर्च मारणं ही शाळेच्या सहलीची भीती आहे, ती चेष्टेच्या प्रसंगासाठीच राखा. खरी भीती बाजूने आणि मागून येणाऱ्या उजेडात असते, जिथे चेहऱ्याचा अर्धा भाग दिसत नाही.

धुरासाठी यंत्र भाड्याने आणायची गरज नाही. नारळाची सोडणं ओली करून पेटवली की हवेत सलग पातळ धूर धरतो, कोकणात डासांसाठी करतात तसाच. घराबाहेर पेटवा, दारातून आत येऊ द्या आणि तो सपाट होईपर्यंत पाच मिनिटं थांबा. न थांबता घेतलेल्या टेकमध्ये धूर दर कटला उडी मारतो. दम्याचा कोणी कलाकार असेल तर हा बेत रद्द.

काकाची नजर म्हणून कॅमेरा धावता हवा असेल, तर पाच फुटी फळीच्या मध्यभागी कॅमेरा घट्ट बसवा, १४ ते १६ मिलिमीटरची लेन्स लावा, दोन टोकं दोघांनी धरून जमिनीपासून वीतभर उंचीवर पळा. ‘द ईव्हिल डेड’मध्ये हीच युक्ती होती. लांब फळी हातांचे हिसके गिळते आणि रुंद लेन्स उरलेली थरथर लपवते. अंगण आधी झाडून घ्या. जांभ्यावर शेवाळ असेल तर अनवाणी नाही, पकड असलेल्या बुटांत.

रक्त लागेलच, पण एकदाच. एक लिटरभर रक्तासाठी: लिक्विड ग्लुकोज पाऊण लिटर, पाणी दीडशे मिलिलिटर, द्रव लाल खाद्यरंग तीन-चार चमचे, कोको पावडर दोन चमचे, आणि थोड्या पाण्यात कालवलेला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर. कोकोमुळे गुलाबी झाक जाते, कॉर्नफ्लोअरमुळे रक्त पारदर्शक सरबतासारखं दिसत नाही. कॅमेऱ्यावर बघितल्याशिवाय रंग पक्का करू नका: निळ्या चांदण्याच्या उजेडात लाल रंग काळा दिसतो आणि रक्ताऐवजी डांबर सांडल्यासारखं वाटतं. तिथे एक पिवळा दिवा रक्तावर पडेल अशी सोय हवी. अंगावरच्या कपड्यांसाठीच्या रक्तात चमचाभर भांड्याचा साबण घातला तर डाग निघायला मदत होते, तोंडात जाणाऱ्या रक्तात अर्थातच नाही. कपड्यांचे तीन जोड. सारवलेल्या जमिनीवर हा पाक सांडला तर पुसताना सारवणाचा पोपडा निघतो आणि तासाभरात मुंग्यांची रांग लागते. चुन्याच्या भिंतीवरचा डाग तर जातच नाही. जमिनीच्या रंगाचं प्लास्टिक अंथरा, भिंतीवर रंगवलेला प्लाय टेकवा. बुळबुळीत, लाळेसारखं काही हवं असेल तर लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे इसबगोल, पंधरा मिनिटं भिजवून. गाठी हव्यात तर शिजलेला साबुदाणा.

लेटेक्सची जखम करणार असाल तर आदल्या दिवशी कलाकाराच्या मनगटावर लावून चोवीस तास बघा. लेटेक्सची ॲलर्जी दुर्मीळ नाही, आणि चेहरा सुजला तर तुमचे तीन दिवस गेले.

मांजर, घुबड, साप संहितेतून काढा. प्राणी वापरायचा तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते आणि सेन्सॉरच्या वेळी त्यांचं ना-हरकत पत्र मागतात. घुबड तर वन्यजीव कायद्याखाली येतं. अंधारात एकमेकांपासून चार सेंटिमीटरवर ठेवलेले दोन बारीक पिवळे एलईडी आणि वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं गुरगुरणं एवढ्याने मांजर होतं. कलाकाराला बिडी ओढायला लावण्याआधीही विचार करा. धूम्रपानाच्या दृश्याखाली इशारा झळकावा लागतो, आणि ऐन भीतीच्या क्षणी तो पडद्यावर आला की लोक हसतात, चुकीच्या कारणासाठी.

आता आवाज. इथे हात आखडू नका. एकूण पैशांतला पाचवा भाग, म्हणजे दीड-पावणेदोन लाख, ध्वनिमुद्रण आणि मिश्रणासाठी आधीच बाजूला काढा. अंधुक चित्राला प्रेक्षक वातावरण समजतो, अंधुक संवादाला मात्र हौशी काम. आणि न ऐकू आलेला विनोद हा विनोदच नसतो. बूम, म्हणजे लांब काठीवरचा माईक, कायम; शिवाय सलग शॉटमध्ये प्रत्येक बोलणाऱ्याला अंगावरचा माईक. टेकच्या वेळी पंखे, फ्रीज, पंप बंद. फ्रीज बंद करणाऱ्याने गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवावी, म्हणजे रात्री निघताना तो सुरू करायचा राहत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे बांगडे वाचतात. जनरेटर लागलाच तर साठ-सत्तर मीटरवर, गडग्यापलीकडे.

प्रत्येक जागेची एक मिनिट शांतता मुद्रित करा, आणि रात्री बाहेर असाल तर दर तासाला. रातकिड्यांचा सूर रात्रभर सारखा नसतो. आठला घेतलेला शॉट आणि दोनला घेतलेला शॉट जोडला की कट कानाला टोचतो. खाली सलग रातकिडे अंथरले की शिवण दिसत नाही. याच अंथरलेल्या आवाजात तुमचं सगळ्यात स्वस्त शस्त्र आहे. धक्क्याच्या दीड-दोन सेकंद आधी रातकिडे काढून टाका. गावात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की किडे गप्प झाले म्हणजे जवळून कोणीतरी चाललंय. संगीताचा तडाखा देण्यापेक्षा हे कितीतरी भारी पडतं. आणि हीच युक्ती उलटी करा: किडे थांबतात, तिघे गोठतात, आणि दारात उभा असतो तलाठी.

हाड मोडल्याचा आवाज शेवग्याच्या ताज्या शेंगेतून येतो, उसाच्या कांड्यातून अधिक जाड. ओल्या पावलांसाठी फरशीवर ओला पंचा आपटा. घरात झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांचं करकरणं दहा तऱ्हांनी मुद्रित करून घ्या. काकाचं संगीत तेवढंच पुरे. जुनं गाणं रेडिओवर वाजवायचा मोह टाळा. गाण्याचे हक्क आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगवेगळे विकत घ्यावे लागतात.

संपादनात काही गोष्टी सेकंदांच्या नाही, फ्रेमच्या हिशेबात ठरतात. धक्क्याचा आवाज चित्राच्या दोन फ्रेम आधी टाकून बघा, नंतर टाकल्यास तो नेहमी उशिरा वाटतो. विनोदाला उलट. उत्तर यायच्या आधीचा ऐकणाऱ्याचा रिकामा चेहरा आठ-दहा फ्रेम जास्त धरा. मोठ्या हशानंतर अडीच-तीन सेकंद महत्त्वाचा शब्द ठेवू नका, थिएटरमध्ये तो बुडतो. हशा ओसरत असतानाच धक्का दिला तर जोरात बसतो, कारण माणूस सैल झालेला असतो. पण हे दोनदाच. तिसऱ्यांदा प्रेक्षक हसतानाच सावध बसतो. धक्क्यानंतर लगेच विनोद मात्र तुमची भीती फुकट घालवतो. पाचपैकी किमान दोन धक्क्यांनंतर काहीच विनोद नको, फक्त पुढचा दिवस उजाडू द्या.

हे कागदावर ठरत नाही. ओळखीच्या नसलेल्या पंधरा-वीस जणांना कच्चा सिनेमा दाखवा, अंधारात त्यांचा फक्त आवाज मुद्रित करा आणि ती पट्टी टाइमलाइनवर चित्राखाली ठेवा. हशा कुठे आला, श्वास कुठे अडकला, खुर्च्या कुठे करकरल्या ते फ्रेमनिशी दिसतं. नंतर विचारलेल्या मतांपेक्षा ही पट्टी खरी. मित्र नकोत, ते कलाकारांना हसतात. कोकणी प्रेक्षकाची फार काळजी करू नका. शिमग्यात संकासूर दारात आला की पोरं रडत घरात पळतात आणि मोठी माणसं हसतात. हा मिश्र प्रकार त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

पैशांचं उरलेलं. १८ माणसं, १२ दिवस आणि येण्याजाण्याचे दोन धरून १४, म्हणजे २५२ माणूस-दिवस. दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा मिळून ४५० रुपये धरले तर १,१३,४०० रुपये. यात काटकसर करू नका. रात्रपाळीत दीड वाजता गरम जेवण मिळालं नाही तर पहाटेचे तीन तास वाया जातात, आणि ते तास जेवणापेक्षा महाग आहेत. ८० हजार अडीअडचणीला, शेवटच्या दिवसापर्यंत न मोडता. सेन्सॉरचा अर्ज, थिएटरसाठीची डिजिटल प्रत आणि इंग्रजी उपशीर्षकं मिळून वेगळे पैसे काढून ठेवा. कित्येक सिनेमे चित्रित होतात आणि याच टप्प्यावर हार्ड डिस्कमध्ये पडून राहतात. प्रमाणपत्रात आता यूए ७+, १३+ आणि १६+ असे भाग आहेत. मोडलेल्या हाताचा प्रसंग किती सेकंद दाखवता यावर तुमचा भाग ठरू शकतो, तेव्हा तो शॉट लांब आणि आखूड असा दोन प्रकारे घेऊन ठेवा. हिशेबात मानधनाला जवळपास काही उरत नाही, हे कलाकारांना पहिल्याच बैठकीत सांगा आणि पुढे उत्पन्न झालंच तर कोणाला किती, ते स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या.

आणि घराचा करार. तुमच्या गोष्टीसारखंच त्या खऱ्या घरालाही हिस्सेदार असतील. पुण्यात असलेल्या एका भावाने हो म्हटलं म्हणून पुरत नाही; सगळ्यांच्या सह्या घ्या, आत शिरण्याआधी प्रत्येक खोलीचे, कौलांचे आणि विहिरीच्या रहाटाचे तारखेसह फोटो काढा. नाहीतर सहाव्या दिवशी मुंबईहून एक चुलतभाऊ येतो आणि चित्रीकरण थांबवतो. त्याचं नाव सातबाऱ्यावर असतं.